हाक देणाऱ्यांचे ऋण

भारतीय अर्थव्यवस्था हा विषय शिकविताना १९९१ सालच्या परकीय चलनाच्या संकटापाशी दरवर्षी थांबावे लागते. क्रमिक पुस्तकांतील विवेचन ठरलेले असते. आखाती युद्धामुळे खनिज तेलाचे भाव भडकले, कुवेत व इराकमधील भारतीय कामगारांकडून येणारा पैसा आटला, आणि देशाची परकीय चलनाची गंगाजळी अवघ्या काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. यंदा हा भाग संपवून पुस्तक मिटत असता मागील बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांचे काय झाले?’’

वर्गात थोडा हशा झाला. परीक्षेच्या दृष्टीने प्रश्न निरुपयोगी होता, हे खरे. परंतु त्या मुलाच्या गावी मोहरमचे ताजिये निघतात, त्यांत हिंदूंची घरेही सामील असतात, आणि गावाबाहेरच्या ज्या जागी ताजिये थंड केले जातात तिला सारे गाव ‘करबला’ म्हणते. त्या नावाचे एक खरेखुरे शहर इराकमध्ये आहे आणि तेथेही युद्धानंतर काही घडले होते, एवढे त्याने कोठेतरी ऐकले होते. तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत प्रस्तुत लेखकाला त्याचे समाधान करता आले नाही. जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही ते येथे मांडावयाचे आहे. कारण ते केवळ इराकपुरते नाही.

पंधरा दिवसांचे स्वातंत्र्य

इराणशी १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे चाललेली लढाई संपली तेव्हा इराकच्या डोक्यावर सुमारे ८० अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. तेलाचे भाव पडलेले, घरोघरी मृत वा अपंग तरुण, आणि तरीही फौज प्रचंड. या अडचणीतून सुटण्यासाठी सद्दाम हुसेन यांनी २ ऑगस्ट १९९० रोजी शेजारचा श्रीमंत कुवेत गिळला. चारच दिवसांत संयुक्त राष्ट्रसंघाने इराकवर आर्थिक निर्बंध लादले. १७ जानेवारी १९९१ला बाँबवर्षाव सुरू झाला आणि २८ फेब्रुवारीला लढाई थांबली. कुवेत मुक्त झाला. सक्तीने भरती केलेले इराकी शिपाई उपाशीपोटी, पायी, मोडक्या पुलांवरून घराकडे परतू लागले.

याच सुमारास त्या देशाच्या कानांवर एक हाक पडत होती. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीरपणे सांगितले होते की, रक्तपात थांबविण्याचा आणखी एक मार्ग आहे; इराकी सैन्याने आणि इराकी जनतेने सूत्रे आपल्या हाती घ्यावीत आणि सद्दामला बाजूला सारावे. नभोवाणीवरून हे आवाहन इराकभर ऐकले गेले. ज्यांच्या घरात स्वतःच्या सरकारविषयी एक शब्द उच्चारण्याची सोय नव्हती, त्यांना जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख ‘उठा’ असे सांगत होता.

आणि ते उठले. मार्चच्या आरंभी बसऱ्यात ठिणगी पडली. परतणाऱ्या एका रणगाड्याने चौकातील सद्दामच्या भव्य चित्रावर तोफ डागली, आणि तेथून सारे सुरू झाले, असे सांगतात. चारपाच दिवसांत नजफ, करबला, हिल्ला, नासिरिया, अमारा ही दक्षिणेतील शहरे सरकारच्या हातून निसटली; उत्तरेत कुर्द लोकांनी बंड पुकारले. देशाच्या १८ प्रांतांपैकी १४ प्रांतांवरचा बगदादचा ताबा एका क्षणी सुटला होता.

करबला ५ मार्चच्या सुमारास उठले. लोकांनी बाथ पक्षाची कार्यालये व पोलिसांची ठाणी घेतली, तुरुंग उघडले. इमाम हुसेन आणि त्यांचे बंधू अब्बास यांच्या दर्ग्यांच्या आवारात जखमींची शुश्रूषा होऊ लागली आणि तेथूनच गावाचा कारभार चालू लागला. नजफमध्ये शिया पंथाचे वयोवृद्ध धर्मशास्त्री अयातुल्ला अबुल कासिम खोई यांनी लूटमार करू नका, मालमत्तेचे रक्षण करा, रस्त्यांवर पडलेल्या प्रेतांना मूठमाती द्या, असे फर्मान काढले आणि व्यवस्था पाहण्यासाठी एक समिती नेमली.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. उठावकर्त्यांनी हाती सापडलेल्या अनेक बाथ अधिकाऱ्यांना विनाचौकशी ठार मारले. काहींना तर दर्ग्यांच्या पवित्र आवारातच मारले. अनेक वर्षांच्या दडपशाहीने माणसांची जी मने घडविली होती ती पंधरा दिवसांत सौम्य होतील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि पीडितांनी केलेली हत्या ही हत्याच असते, याची नोंद पीडितांच्या बाजूने लिहिणाऱ्याने प्रथम केली पाहिजे.

मार्चचा मध्य उलटेपर्यंत सारे संपले. सद्दामची खास फौज, रिपब्लिकन गार्ड, युद्धातून बव्हंशी वाचली होती. तिचे रणगाडे करबल्यात शिरले. दर्ग्यांवर तोफगोळे पडले, घुमटांना भगदाडे पडली, आत आश्रय घेतलेली माणसे मारली गेली. वरून हेलिकॉप्टरे पळणाऱ्या जमावांवर आग ओकत होती. नंतर दोन्ही दर्ग्यांमधील दाट वस्ती व जुना बाजार जमीनदोस्त करण्यात आला. वृद्ध खोईंना बगदादला नेऊन सद्दामशेजारी दूरचित्रवाणीवर बसविण्यात आले. पुढे १९९२च्या ऑगस्टमध्ये नजरकैदेतच त्यांचा अंत झाला. देशभर मेलेल्यांची संख्या काही दशसहस्रांपासून लाखापर्यंत सांगितली जाते. संख्येतील हे अंतरच बोलके आहे. ज्यांची मोजदाद करण्यास कोणी उरत नाही त्यांचे आकडे असेच लांबरुंद असतात.

हेलिकॉप्टरची सवलत

जिंकलेली सेना त्या वेळी कोठे होती? ती दक्षिण इराकमध्येच होती. ३ मार्च रोजी सफवान येथे अमेरिकी सेनापती श्वार्झकॉफ आणि इराकी सेनाधिकारी शस्त्रसंधीच्या अटींसाठी एका तंबूत बसले. पूल उद्ध्वस्त झाले आहेत, अधिकाऱ्यांना फिरण्यासाठी हेलिकॉप्टरे उडविण्याची मुभा असावी, अशी विनंती इराकी सेनाधिकाऱ्यांनी केली. सेनापतींनी ती उदार मनाने मान्य केली. सशस्त्र हेलिकॉप्टरेही त्यात आली. विमानांना बंदी आणि हेलिकॉप्टरांना परवानगी! पुढील तीन आठवड्यांत या सवलतीचा अर्थ करबल्याच्या आणि बसऱ्याच्या गल्ल्यांना कळला. उठावकर्ते अमेरिकी चौक्यांपर्यंत गेले, जप्त केलेली इराकी शस्त्रे आम्हांला द्या म्हणाले. त्यांना नकार मिळाला.

अमेरिकेच्या बाजूने पुढे जे युक्तिवाद झाले ते क्षुद्र होते असे म्हणता येणार नाही. राष्ट्रसंघाचा अधिकार कुवेत सोडविण्यापुरता होता. उठावामागे इराणचा हात असण्याची शक्यता होती. काही गावांत खोमेनींच्या तसबिरी झळकल्या होत्या. सौदी अरेबिया व तुर्कस्तान यांना इराकचे तुकडे पडण्याची धास्ती होती. परक्या देशाच्या यादवीत आपली मुले किती काळ मरू द्यावयाची, हाही प्रश्न होताच. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. यांपैकी एकही कारण मार्चमध्ये नव्याने जन्मलेले नव्हते. राष्ट्रसंघाचा ठराव, इराणची सीमा, शियांची बहुसंख्या, शेजाऱ्यांची भीती हे सर्व १५ फेब्रुवारीलाही जसेच्या तसे होते. मदत न करण्याची कारणे ज्याच्या खिशात आधीपासून होती, त्याने हाक का दिली? बाजाराच्या भाषेत बोलावयाचे तर ही हुंडी लिहिणाऱ्याला ती सकारावयाची नाही हे लिहितानाच ठाऊक असावयास हवे होते. साध्या व्यापाऱ्याने असे केले तर आपण त्याला लबाड म्हणतो; राष्ट्रांच्या बाबतीत त्याला परराष्ट्रधोरण म्हणण्याचा प्रघात आहे.

उत्तरेतील कुर्दांची स्थिती थोडी निराळी झाली. ते लाखोंच्या संख्येने तुर्कस्तान व इराणच्या सीमांवरील बर्फात जाऊन अडकले. तेथे जगातील कॅमेरे पोहोचले. ५ एप्रिलला सुरक्षा समितीने ६८८ क्रमांकाचा ठराव केला आणि पाठोपाठ उत्तरेत संरक्षित टापू उभा राहिला. करबल्यात कॅमेरे नव्हते. दक्षिणेत इराकी उड्डाणांवर बंदी आली ती ऑगस्ट १९९२मध्ये, म्हणजे मेलेल्यांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाकडे काळ झुकला तेव्हा.

यात आपण अगदीच परके होतो असेही नाही. जानेवारी १९९१मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना आपल्या विमानतळांवर इंधन भरू दिले होते. गदारोळ झाल्यावर फेब्रुवारीत ते थांबले. नंतर आपण आपल्या चलनसंकटात आणि निवडणुकीत गुंतलो. करबल्याकडे पाहण्याची सवड ज्यांना नव्हती त्यांत आपणही होतो.

कूफ्याची पत्रे

ज्या शहरात हे घडले त्याचा सारा इतिहासच मुळी न पाळलेल्या निमंत्रणाचा आहे. इसवी सन ६८०मध्ये नजफशेजारच्या कूफा नगरातील लोकांनी इमाम हुसेन यांना पत्रांमागून पत्रे धाडली की, या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. हुसेन निघाले, परंतु ते पोहोचण्यापूर्वीच सुभेदाराच्या धाकाने कूफा गप्प झाला. त्यांनी पुढे पाठविलेला चुलतभाऊ मारला गेला. करबल्याच्या माळावर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ७२ सोबत्यांसह हुसेन यांनी मृत्यू पत्करला. मोहरमच्या शोकात यजीदविषयी जेवढा संताप आहे, तेवढाच आमंत्रण देऊन न आलेल्यांचा पश्चात्तापही आहे. तेराशे वर्षांनंतर त्याच भूमीत त्या कथेची दिशा उलटी झाली. तेव्हा लोकांनी नेत्याला बोलावून सोडून दिले होते. आता नेत्याने लोकांना उठवून सोडून दिले.

शेजारचे चिमूर

दूरच्या देशाच्या पापाचा हिशेब मांडणे सोपे असते. म्हणून थोडे जवळ येऊ. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे बालाजीचे, घोडायात्रेचे गाव. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी ते उठले. आठवडाभरापूर्वी, ८ ऑगस्टला, मुंबईच्या गवालिया टँकवरून ‘करेंगे या मरेंगे’ ही हाक निघाली होती आणि ती देणारे दुसऱ्या दिवशी पहाटेच तुरुंगात गेले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या भागातील खेडीपाडी आधीच जागी झाली होती. प्रभातफेरीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण त्यात पडला, आणि खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी माणसांना ठार केले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही गोळीबार झाला आणि पोलीस मारले गेले. मेलेले सरकारी नोकर आपल्यासारखेच पगारी, मुलाबाळांचे होते, हेही येथे विसरावयाचे नाही.

तीन दिवसांनी गोरे सैनिक चिमुरात आले. गावातील पुरुष पकडून नेलेले होते. घरांत स्त्रिया होत्या. त्यानंतर जे झाले त्याच्या कहाण्या नागपूरपर्यंत पोहोचल्या. डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासारख्या काँग्रेसबाहेरील नेत्यांनीही चिमूरला जाऊन विचारपूस केली. सरकारने मात्र चौकशीस नकार दिला, वृत्तपत्रांची तोंडे बांधली आणि वर गावावर सामुदायिक दंड बसविला. उठाव फसला. खास न्यायालयांनी फाशीच्या शिक्षा फर्मावल्या. अनेकांच्या प्रयत्नांनंतर, आणि त्यांत अनसूयाबाई काळे यांचे श्रम मोठे होते, उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५मध्ये जन्मठेपेवर आल्या.

वर वर पाहता चिमूर आणि करबला सारखेच: देवस्थानाचे गाव, युद्धाचा काळ, वरून आलेली हाक, जमावाचा अतिरेक, सैन्याचा सूड, पराभव. परंतु दोन ठिकाणी फरक आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. १९४२ची हाक देणारे हाकेची किंमत देण्यात पहिले होते. लोकांना ‘मरा’ सांगून ते स्वतः सुरक्षित तंबूत बसले नव्हते. आणि दुसरा फरक असा की पराभवानंतर चिमूरच्या वतीने एक माणूस दार ठोठावीत फिरला.

यवतमाळच्या माणसाचे दार

तो माणूस म्हणजे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी, सेवाग्राम आश्रमातील एक विलक्षण तपस्वी. १९४२च्या नोव्हेंबरात ते दिल्लीस गेले आणि लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या घरी पोहोचले. अणे हे आपले. जन्म वणीचा, वकिली यवतमाळची, १९३० साली १० जुलैला पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले. त्या वेळी मात्र ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. समुद्रपारच्या भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. भणसाळींचे मागणे मोठे नव्हते. तुम्ही या प्रांताचे आहात, सरकारात आहात, चिमूरला चला, स्त्रियांचे ऐका आणि चौकशी करवा, एवढेच. अणे यांना ते करता आले नाही. भणसाळी त्यांच्याच दारी उपोषणास बसले. त्यांना पकडून परत पाठविण्यात आले. ते चिमूरकडे चालत निघाले, पुन्हा पकडले गेले, आणि उपोषण चालूच राहिले. त्याच्या बातम्यांवर बंदी आली, तेव्हा निषेधार्थ देशातील अनेक वृत्तपत्रांनी जानेवारी १९४३मध्ये एक दिवस अंक काढला नाही. कन्हैयालाल मुनशी यांच्या मध्यस्थीने सरकारला काही प्रमाणात नमते घ्यावे लागले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी, ६३ दिवसांनी, उपोषण सुटले.

अणे यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी हे लिहिलेले नाही. पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर, १७ फेब्रुवारीला त्यांनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. सत्तेच्या आत राहून काही साधता येईल असे मानणाऱ्या प्रामाणिक माणसाची कशी कोंडी होते, याचे ते उदाहरण आहे. त्यांचा पुतळा आपण अभिमानाने पाहावा. पण त्या दारी बसलेल्या उपाशी माणसाचीही आठवण ठेवावी. यवतमाळच्या इतिहासात ते दोघेही आहेत. चौकशी अखेरपर्यंत झाली नाही हे खरे, तथापि चिमूरच्या स्त्रियांचे बोलणे खोटे म्हणून दडपता आले नाही. करबल्याच्या वाट्याला हे आले नाही. वॉशिंग्टनमध्ये, रियाधमध्ये, दिल्लीतही दारे होती. त्यांपैकी कोणत्याही दारी त्रेसष्ट दिवस कोणी बसून राहिले नाही.

तीन देणी

यावरून जो विचार निघतो तो असा की, लोकांना उठण्यास सांगणाऱ्यावर तीन देणी चढतात. पहिले, किंमत आधी सांगण्याचे: मी तुमच्यासोबत कोठपर्यंत येणार आणि कोठे थांबणार, हे हाकेतच असले पाहिजे. दुसरे, ती किंमत वाटून घेण्याचे. आणि तिसरे, उठाव फसल्यावर पडलेल्यांची नोंद ठेवण्याचे. यश कोणाच्याच हाती नसते. म्हणून फसलेल्या प्रत्येक उठावाला वेडेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु ही तीन देणी यशावर अवलंबून नाहीत. ती पराभवातही फेडता येतात. खरे तर पराभवातच ती फेडली गेली की नाही हे कळते.

हा नियम केवळ राष्ट्राध्यक्षांना लागू आहे असे नव्हे. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो संपला आहे हे प्रत्येक घराने आपापले, चूल विझत गेली तसे, ओळखले. नरसंहाराशी त्याची तुलना करणे अनुचित होईल. पण आपल्या जिल्ह्यात कापसाच्या भावासाठी, कर्जमाफीसाठी, वेतनासाठी जेव्हा जेव्हा हाक दिली जाते, तेव्हा ती देणाऱ्याला शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने प्रथम हे तीन प्रश्न विचारावेत. बंदच्या दिवशी ज्याची मजुरी बुडते आणि मोर्चानंतर ज्याच्यावर खटला राहतो, तो माणूस व्यासपीठावरचा क्वचितच असतो. आणि हे प्रश्न विचारणाऱ्याला भित्रा म्हणणाऱ्या नेत्यापासून चार पावले दूरच राहावे.

करबल्याचे तिसरे देणे अखेर जमिनीने फेडले. मे २००३मध्ये, सद्दामची राजवट कोसळल्यावर, हिल्ल्याजवळच्या महाविल येथे लोकांनी माती उकरली, तेव्हा दोन हजारांहून अधिक सांगाडे निघाले. कोणाजवळ ओळखपत्र होते, कोणाजवळ जपमाळ. आप्तांनी कपड्यांच्या चिंध्यांवरून आपली माणसे ओळखली आणि बारा वर्षांनी त्यांचे अंत्यविधी केले. सद्दामला ३० डिसेंबर २००६ला फाशी झाली ती दुजैल येथील वेगळ्या हत्याकांडासाठी. १९९१च्या उठावाचा खटला उभा राहिला तो त्यानंतर, ऑगस्ट २००७मध्ये. तेव्हा मुख्य आरोपी जगात नव्हता. ज्यांनी हाक दिली होती त्यांच्यावर तर कोणताच खटला नव्हता.

युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर एवढे आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही. तरीसुद्धा पुढील वर्षी तेलाचे भाव आणि गंगाजळी शिकवून झाल्यावर शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवावयाची, असे प्रस्तुत लेखकाने ठरविले आहे. त्या दिवशी जे हसले त्यांच्यापैकी काहीजण उद्या कोणालातरी हाक देण्याच्या जागी असतील.